एका पापणीचे दोन रिपोर्ट

प्रश्न : माझ्या आईचे वय ६८ आहे. दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर मुगाच्या दाण्याएवढी गाठ आली. घरी सगळ्यांनी रांजणवाडी म्हणून शेक दिला, पुढे डॉक्टरांनी थेंब आणि मलम दिले. गाठ दोनदा चिरून साफ केली, पण दोन्ही वेळा तीन-चार महिन्यांत ती त्याच जागी परत आली. आता तेथले पापणीचे केस गळाले आहेत आणि तो डोळा सतत लाल असतो. तिसऱ्या वेळी छोटा तुकडा तपासणीला पाठवला, तेव्हा ‘बेसल सेल कार्सिनोमा’ असा रिपोर्ट आला. भावाच्या ओळखीच्या डॉक्टरांनी तोच ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, दुसऱ्या लॅबमध्ये दाखवायला सांगितले. तेथून ‘पुअरली डिफरन्शिएटेड कार्सिनोमा, सेबेशियस कार्सिनोमाची शक्यता, मर्केल सेल कार्सिनोमा वगळणे आवश्यक, आयएचसी करावी’ असे लिहून आले. दोघांपैकी कोण चुकले? भाऊ म्हणतो, कॅन्सर आहे हे कळले ना, मग आणखी तपासण्यांवर पैसे कशाला, काढून टाकू. मावशी म्हणते, चाकू लागला की तो पसरतो, म्हणून हातच लावू नका. माझ्या मामांना सत्तेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता, त्यामुळे आई फार धास्तावली आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरे त्याच्याच पोटात आहेत. दोन रिपोर्टांपैकी कोणता बरोबर, हा निवाडा स्लाइड स्वतः पाहिल्याशिवाय कोणीही करू नये आणि मीही करणार नाही. मात्र दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पुन्हा वाचा. दुसऱ्या रिपोर्टाने पहिल्याला खोडून काढलेले नाही. एवढ्याशा तुकड्यावरून आणि नेहमीच्या रंगांवरून कर्करोगाचे नाव खात्रीने सांगता येत नाही, एवढेच त्याने म्हटले आहे, आणि नाव ठरवण्याचा मार्गही, म्हणजे आयएचसी ही तपासणी, सांगितला आहे. आपण लिहिलेली हकिगत मला विचाराल तर दुसऱ्या रिपोर्टाच्या बाजूला झुकते. ती हकिगत लॅबला पाठवलेल्या कागदावर होती का, हे मला आपल्या पत्रातून कळले नाही. ते आधी पाहून घ्यावे.

हकिगत त्या बाजूला का झुकते, ते सांगते. पापणीच्या आत, कण्याप्रमाणे असलेल्या घट्ट पट्टीत, तैलग्रंथी उभ्या रांगेत मांडलेल्या असतात. वरच्या पापणीत त्या साधारण ३० ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० असतात. अश्रूंवर तेलाचा पातळ थर ठेवून डोळा कोरडा पडू न देणे हे त्यांचे काम. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. यातील एखादी तुंबली की पापणीत बिनदुखणारी टणक गाठ येते. तिला डॉक्टर कलेझिऑन म्हणतात आणि घरोघरी तिलाही रांजणवाडीच म्हटले जाते. ती अत्यंत साधी गोष्ट आहे आणि शंभरातील बहुतेक गाठी तशाच असतात, हे आधी स्पष्ट करते, नाहीतर हे सदर वाचून उद्या धंतोलीतील प्रत्येक डोळ्यांच्या दवाखान्यात रांग लागायची. पण याच ग्रंथींतून सेबेशियस कार्सिनोमा, म्हणजे तैलग्रंथीचा कर्करोग, निघतो. वर ग्रंथी जास्त असल्यामुळे तो वरच्या पापणीत अधिक आढळतो, आणि सुरुवातीला तो अगदी कलेझिऑनचे सोंग घेऊन बसतो. बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा कर्करोग, मात्र खालच्या पापणीवर आणि नाकाकडच्या कोपऱ्यात अधिक होतो. त्याची कड मोत्यासारखी उंचावलेली व चकचकीत असते, तीवर बारीक रक्तवाहिन्या दिसतात, मध्ये खड्डा पडतो आणि आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत तो पुष्कळदा काळपट असतो.

आता आईच्या पापणीकडे या नजरेने पाहा. वय साठीच्या पुढचे, गाठ वरच्या पापणीत, त्याच जागी तिसऱ्यांदा आलेली, त्या जागेचे केस गळालेले आणि एकच डोळा महिनोन् महिने लाल. साधी तुंबलेली ग्रंथी केसांची मुळे सहसा खात नाही. डोळे येणे किंवा पापण्यांच्या कडांची जुनी सूज बहुधा दोन्ही डोळ्यांत असते. एकाच डोळ्याची लाली औषधांना दाद देत नसेल, तर या कर्करोगाच्या पेशी पापणीच्या आतल्या नाजूक आवरणात पसरत असण्याची शंका घ्यावीच लागते. गाठीला पिवळसर झाक आहे का, तेही दिवसाच्या उजेडात पापणी हलकेच ओढून पाहा. असेल तर ती तैलद्रव्याची असू शकते. यातील एकाही लक्षणाने निदान होत नाही, पण सगळी एकत्र आली म्हणजे तुकडा वाचणाऱ्याच्या मनात कोणती शक्यता पहिली उभी राहावी, ते ठरते.

येथे एक आडवळण घेते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके वाचून शिकलेल्या आमच्या पिढीच्या डोक्यात पक्के बसले होते की, पापणीचा कर्करोग म्हणजे जवळजवळ नेहमी बेसल सेल आणि तैलग्रंथीचा अगदी दुर्मीळ, शंभरात एखाद-दुसरा. गोऱ्या त्वचेच्या लोकांत ते खरेही आहे. भारतात मात्र त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे बेसल सेलचे प्रमाण कमी आणि पापणीच्या कर्करोगांत तैलग्रंथीच्या कर्करोगाचा वाटा कितीतरी मोठा. काही मोठ्या भारतीय केंद्रांच्या नोंदींत तर तोच पहिल्या क्रमांकावर आहे. त्यामुळे पुस्तकात जो दुर्मीळ, तो आपल्याकडच्या पापणीवर तितका दुर्मीळ राहत नाही. पुस्तकाचा हा ठसा वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर नकळत बसतो, आणि पहिल्या रिपोर्टामागे तेच असेल असे मी म्हणत नाही, पण असू शकते.

आता तुकड्याकडे वळू, कारण खरा पेच तेथे आहे. आपल्या आईचा तुकडा बहुधा तीन-चार मिलिमीटरचा असावा. तो फॉर्मालिनमध्ये टिकवला जातो, मग अल्कोहोल आणि झायलीनमधून काढून मेणात, म्हणजे पॅराफिनमध्ये, बसवला जातो; हाच आपल्या हातात दिलेला तो छोटा चौकोनी ब्लॉक. मायक्रोटोम या काप काढण्याच्या यंत्रावर त्याचे चारेक मायक्रॉन जाडीचे काप काढतात. हे काप पाण्यावर तरंगत असताना काचेवर अलगद उचलून घ्यावे लागतात. नागपूरच्या मे महिन्यात ब्लॉक बर्फावर गार केल्याशिवाय आमचे तंत्रज्ञ पाते लावत नसत, कारण मऊ पडलेल्या मेणाचा काप सुरकुततो आणि सुरकुतलेल्या कापात पेशी वाचणे म्हणजे चुरगळलेल्या कागदावरचे अक्षर लावणे. मग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग चढतात. केंद्रके निळी-जांभळी होतात आणि पेशीद्रव गुलाबी.

या साऱ्या प्रवासात एक नुकसान होते आणि आपल्या प्रकरणात नेमके तेच महत्त्वाचे आहे. अल्कोहोल व झायलीन पेशींतील चरबी विरघळवून टाकतात. तैलग्रंथीच्या पेशीची ओळख म्हणजे तिच्या पोटातील तेलाचे थेंब, आणि स्लाइडवर पोहोचेपर्यंत ते थेंब गेलेले असतात. मागे उरतात रिकामे गोल पोकळ बुडबुडे. कर्करोग पुरेसा विकसित असेल तर पेशीद्रव फेसाळ दिसतो, बुडबुड्यांनी दाबल्यामुळे केंद्रकाची कड करवतीसारखी खाचांची होते, गाठीच्या मधल्या भागात मेलेल्या पेशींचा लगदा साचतो, पेशी वरच्या त्वचेत एकेकट्या किंवा छोट्या घोळक्यांनी शिरलेल्या दिसतात, आणि नाव सांगायला फार वेळ लागत नाही. पण पेशी कमी विकसित, म्हणजे रिपोर्टाच्या भाषेत ‘पुअरली डिफरन्शिएटेड’, असतील, बुडबुडे मोजकेच असतील आणि तुकड्यात नेमका तोच भाग आला असेल, तर समोर उरतात केवळ निळ्या पेशींचे पुंजके. निळ्या पेशींचे पुंजके हीच बेसल सेल कार्सिनोमाचीही पहिली छाप. त्याच्या पुंजक्याच्या कडेला पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीने उभ्या असतात, आणि पुंजका व भोवतालची ऊती यांच्यामध्ये फट दिसते. कुंपण आणि फट स्पष्ट असतील तर निदान सोपे. अर्धवट असतील तर पाहणाऱ्याची सवय ते पूर्ण करून घेते.

अशी एक चूक माझ्या हातून झाली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, ज्या रुग्णालयात मी तेव्हा काम करीत होते तेथे, एका वयस्क गृहस्थांच्या पापणीचा तुकडा आला. सोबतच्या कागदावर दोनच शब्द होते : ‘लिड मास’, म्हणजे पापणीची गाठ. निळे पुंजके, कडेला थोडीशी रांग. मी बेसल सेल लिहून सही केली आणि पुढची ट्रे ओढली. दोन दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी शांतपणे विचारले की, ही गाठ चौथ्यांदा आली आहे, पापणीचे केस नाहीत आणि आतून सगळे लाल आहे, तरी तुम्हाला बेसल सेलच वाटते का. मी स्लाइड पुन्हा घेतली. ज्या बुडबुड्यांना मी पहिल्यांदा तंत्रातील दोष समजून सोडून दिले होते, ते आता मला पाहायचेच होते म्हणून दिसले. खोलवरचे काप काढले, रिपोर्ट बदलला, आणि त्या डॉक्टरांचे आभार मानायला मला संध्याकाळ लागली, कारण आधी राग आला होता. तेव्हापासून हकिगत नसलेला कागद आला की मी आधी फोन उचलते आणि मग भिंग.

ही गोष्ट पापणीपुरती नाही. त्वचेच्या बहुतेक दुर्मीळ कर्करोगांत सोंग आणि तुकड्याची खोली हे दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात. ओठाच्या वर हळूहळू वाढणारा घट्ट पट्टा कधी कधी मायक्रोसिस्टिक अॅडनेक्सल कार्सिनोमा असतो. त्याचा वरवर खरडलेला तुकडा घर्मग्रंथीची निरुपद्रवी गाठ वाटतो, आणि तो मज्जातंतूंभोवती गुंडाळत खोल गेला आहे हे खोल तुकड्यातच कळते. छातीवर किंवा खांद्यावर वर्षानुवर्षे वाढत राहिलेली, जुन्या व्रणासारखी दिसणारी गाठ डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स निघते, तेव्हा तिच्या पेशी चटईच्या विणीसारख्या मांडलेल्या आणि खालच्या चरबीत मधाच्या पोळ्यासारख्या घुसलेल्या असतात. चरबीपर्यंत न पोहोचलेला तुकडा ते दाखवणार कसा? निरुपद्रवी डर्मॅटोफायब्रोमापासून तिला वेगळे करायला सीडी ३४ हा रंग कामाला येतो, कारण तो तिच्यात सहसा उमटतो आणि त्या दुसऱ्या गाठीत सहसा उमटत नाही. आणि आपल्या विदर्भात फिकट चट्टा दिसला की सगळ्यांच्या मनात आधी कुष्ठरोग येतो, जे स्वाभाविक आहे. पण बधिरपणा नसलेला, उपचारांना दाद न देणारा, नितंबांवर किंवा मांड्यांवर वर्षानुवर्षे राहिलेला चट्टा कधी मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेतील लसिका (लिम्फ) पेशींचा कर्करोगही असतो. तो पहिल्याच तुकड्यात सापडेल असे नसते. पुष्कळदा वेगवेगळ्या जागांहून, काही महिन्यांच्या अंतराने तुकडे घ्यावे लागतात.

आता मर्केल सेलकडे, कारण दुसऱ्या रिपोर्टातील हे नाव वाचून आपण घाबरला असाल. त्वचेतील स्पर्शाच्या पेशींचे वर्णन फ्रीड्रिश मर्केल यांनी १८७५ मध्ये केले, हा कर्करोग वेगळा म्हणून प्रथम नोंदला गेला १९७२ मध्ये, आणि त्यातील बहुसंख्य गाठींत सापडणारा विषाणू २००८ मध्ये उजेडात आला. याच्याही पेशी निळ्या, लहान, एकमेकींना चिकटून दाटीने बसलेल्या असतात, पण केंद्रकाचा पोत वेगळा असतो, त्यात मीठ-मिरपूड विखुरल्यासारखे बारीक कण दिसतात. ही गाठ लालसर-जांभळी, तुकतुकीत, न दुखणारी असते आणि ती काही आठवड्यांत-महिन्यांत डोळ्यांदेखत वाढते. आईची गाठ दीड वर्षात मधूनमधून परत येत राहिली, हा वेग मर्केलला शोभत नाही. तरी रिपोर्टात ते नाव घालणे योग्यच होते, कारण निळ्या पेशींच्या घोळक्यात ते विसरले तर महाग पडते. आईला मूत्रपिंडरोपण, रक्ताचा कर्करोग किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे यांचा पूर्वेतिहास असेल, तर मात्र डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा.

आपल्या भावाचा प्रश्न येथे येतो. आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, ही त्याच ब्लॉकवर होणारी तपासणी आहे. त्यासाठी आईला पुन्हा टोचावे लागत नाही. पेशीत विशिष्ट प्रथिने आहेत का हे प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) साह्याने पाहतात, आणि ती असतील तेथे तपकिरी रंग उमटतो. आपल्या प्रकरणात लॅबने कोणते रंग निवडावेत हे तेथील तज्ज्ञ ठरवतील, पण सर्वसाधारण विचार असा चालतो : बेरईपी ४ हा बेसल सेलमध्ये उमटतो आणि तैलग्रंथीच्या कर्करोगात बहुधा उमटत नाही, ईएमए आणि अँड्रोजन रिसेप्टर यांची बाजू साधारण उलट. अॅडिपोफिलिन हे तेलाच्या थेंबाभोवतीच्या आवरणातील प्रथिन आहे आणि मला ते विशेष आवडते, कारण थेंब विरघळून गेला तरी हे प्रथिन बुडबुड्याच्या कडेला तपकिरी कडे होऊन राहते. चोर पळाला, पण उंबऱ्यावर त्याच्या चपला राहिल्या, तसे. मर्केलमध्ये सीके २० हा रंग केंद्रकाशेजारी एका ठिपक्यासारखा उमटतो आणि टीटीएफ १ उमटत नाही. फुप्फुसातील लहान पेशींचा कर्करोग त्वचेत पसरून आला असेल तर चित्र बहुधा उलट असते. कोणताही एक रंग एकटा निर्णय देत नाही. बेरईपी ४ काही तैलग्रंथीच्या कर्करोगांतही उमटतो. म्हणून रंगांचा संच, नेहमीची स्लाइड आणि आपली हकिगत या तिन्हींवरूनच मत बनते.

आणि नाव कळून फरक काय पडतो, हे भाऊसाहेबांना असे सांगा. बेसल सेल कार्सिनोमा जागच्या जागी कुरतडत राहतो, दूर सहसा जात नाही. तो स्वच्छ कडांसह काढला की बहुतेकांचे काम संपते. तैलग्रंथीचा कर्करोग पापणीच्या आतल्या आवरणात गाठीपासून दूरवर, मधली जागा सोडून, उडी मारल्यासारखा सापडतो आणि लसिका ग्रंथींत जाऊ शकतो. म्हणून त्याच्यासाठी कडा जास्त घ्याव्या लागतात, आवरणाचे निरनिराळ्या जागांचे छोटे तुकडे घेऊन नकाशा करावा लागतो, आणि शस्त्रक्रियेच्या वेळीच किंवा टप्प्याटप्प्याने कडांची तपासणी करावी लागते. मर्केल निघाला तर लसिका ग्रंथींची तपासणी आणि किरणोपचार यांचा विचार सुरुवातीपासूनच करतात, आणि पसरलेल्या अवस्थेसाठी २०१७ पासून अॅव्हेलुमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारे औषध मान्यताप्राप्त आहे. बेसल सेल समजून पापणी अपुरी काढली आणि नंतर नाव बदलले, तर तीच पापणी, नवी बसवलेली, पुन्हा उघडावी लागते. तपासणीचा खर्च त्यापुढे काहीच नाही. कर्करोगाच्या उपचारांचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका घेऊन करावी.

मावशींची भीती मला नवीन नाही. माझ्या आईनेही ती मरेपर्यंत सोडली नव्हती. नीट घेतलेल्या बायोप्सीमुळे त्वचेचा कर्करोग अंगभर पसरतो, या समजुतीला आधार नाही. ती रूढ होण्याचे कारण बहुधा असे की, लोक उशिरा येतात, तुकडा घेईपर्यंत रोग आधीच पसरलेला असतो, आणि दोष चाकूला लागतो. आईच्या बाबतीत हानी झालीच असेल तर ती उलट कारणाने झाली आहे : दोन वेळा गाठ साफ केली तेव्हा निघालेला लगदा तपासणीला गेला नाही. डॉक्टरांवर ठपका ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही, पहिल्या वेळी तो पाठवण्याची पद्धत सगळीकडे नसते. पण पन्नाशीपुढील रुग्णात दुसऱ्यांदा त्याच जागी आलेल्या गाठीचा लगदा टाकून द्यायचा नसतो.

मामांचे वाक्य आपण केवळ आईच्या धास्तीचे कारण म्हणून लिहिले आहे, पण मला ते पत्रातील सर्वांत उपयोगी वाक्यांपैकी एक वाटले. म्यूर आणि टॉर या दोन वैद्यांनी १९६७ आणि १९६८ मध्ये वर्णन केलेल्या एका आनुवंशिक स्थितीत तैलग्रंथींच्या गाठी आणि मोठे आतडे, गर्भाशय वगैरे अवयवांचे कर्करोग एकाच व्यक्तीत किंवा कुटुंबात दिसतात. डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा जन्मतःच कमकुवत असणे हे त्यामागचे कारण. पापणीवरच्या गाठींत हे नाते शरीराच्या इतर भागांतील गाठींपेक्षा कमी वेळा सापडते, म्हणून आताच घाबरण्याचे कारण नाही. पण तैलग्रंथीचा कर्करोग निश्चित झाला, तर मामांचे वय आणि निदान डॉक्टरांना सांगा आणि एमएलएच १, एमएसएच २, एमएसएच ६ व पीएमएस २ या चार प्रथिनांची तपासणी याच ब्लॉकवर करावी का, हे विचारा. आजोळच्या इतर नातेवाइकांत, विशेषतः पन्नाशीच्या आत, आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कर्करोग कोणाला झाला होता का, याचीही माहिती काढून ठेवा. संबंध निघाला तर त्याचा उपयोग आपल्याला आणि आपल्या भावालाही आहे, कारण मग आतड्याची दुर्बिणीने तपासणी कधी सुरू करायची हे ठरवता येते.

या आठवड्यात करायचे ते असे. दोन्ही लॅबकडून मूळ स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. रिपोर्टाच्या झेरॉक्सवर दुसरे मत देता येत नाही. एका कागदावर आपण मला लिहिलेली हकिगतच तारखांसह लिहा : गाठ कधी आली, किती वेळा काढली, केस कधी गळाले, लाली कधीपासून आहे. त्या पानाची एक प्रत लॅबच्या अर्जाला टाचा. तुकडा लहान असल्यामुळे आयएचसीसाठी लागणाऱ्या सगळ्या कोऱ्या स्लाइड एकाच बैठकीत कापाव्यात अशी विनंती करा, कारण ब्लॉक दर वेळी मायक्रोटोमवर नव्याने सपाट करताना त्यातील ऊती वाया जाते, आणि तीन मिलिमीटरच्या तुकड्याला दोन-तीन वेळा ते परवडत नाही. ऊती संपलीच, तर पापणीच्या पूर्ण जाडीचा नवा तुकडा घ्यावा लागेल. अशा वेळी तेलाचे थेंब दाखवणारा ऑइल रेड ओ हा रंग करायचा असेल तर तुकडा मेणात जाण्याआधी लॅबला कळवले पाहिजे, नंतर ते शक्य नसते. पापणीची शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ, तुकडा वाचणारे विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ एकत्र बसून निर्णय घेतील अशी जागा निवडा. नागपुरात मेडिकल व मेयो ही शासकीय रुग्णालये, मिहानमधील एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांपैकी आपल्याला सोयीच्या ठिकाणी आधी चौकशी करून जावे.

आईच्या उजव्या कानाच्या पुढे आणि जबड्याखाली बोटांच्या पेरांनी हलकेच चाचपून पाहा. वरच्या पापणीतील लसिकेचा निचरा या दोन जागी होतो. हरभऱ्याएवढी, टणक, सरकणारी किंवा चिकटलेली गाठ लागली, तर ती त्याच पानावर लिहा आणि डॉक्टरांना स्वतःहून दाखवा, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. न लागल्यास तेही लिहा. पुढची भेट महिनाभर लांबवू नका. आणि ब्लॉक घेऊन जाताना तो उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका; नागपूरच्या उन्हात बंद गाडीच्या काचेमागे मेण वितळायला वेळ लागत नाही. पाकीट कापडी पिशवीत घालून हातात धरा, किंवा घरून निघताना डब्यातील ताकाशेजारी ठेवा, फक्त ओले होऊ देऊ नका.